व्हिडिओ तबकडी, परदेशी पद्धतीची
चलत्‌चित्रे व ध्वनी मुद्रित केलेली तबकडी सामान्यतः ज्या देशातील ग्राहकांसाठी काढलेली असते, तेथील दूरचित्रवाणी पद्धतीस ती अनुरूप असते. भिन्न पद्धतीच्या देशात ती लावल्यास चित्र वरखाली सरकते, रंग उमटत नाहीत किंवा प्लेअर ती स्वीकारतच नाही. बहुपद्धती दूरचित्रवाणी संचामुळे यांतील पहिल्या दोन अडचणी दूर होतात. तिसरी मात्र सर्वस्वी प्लेअरशी निगडित असते.

पद्धतींतील भेद : अमेरिकेत १९४१ मध्ये ५२५ रेषांची एकरंगी पद्धत ठरविण्यात आली व तिच्यावर आधारलेली एनटीएससी ही रंगीत पद्धत १९५३ मध्ये मान्य झाली. तीत दर सेकंदास सु. ३० चित्रे असतात. प्रत्येक चित्र विषम व सम रेषांच्या दोन क्षेत्रांत विभागलेले असल्याने क्षेत्रांची संख्या सु. ६० होते. वॉल्टर ब्रुख यांनी टेलिफुंकेन कंपनीत विकसित केलेली पाल पद्धत १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी व ब्रिटन येथे प्रक्षेपणासाठी वापरात आली. तीत ६२५ रेषा व ५० क्षेत्रे असतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेकाम पद्धत सुरू झाली. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते पाल पद्धतीने. क्षेत्रांची संख्या मूलतः त्या त्या देशातील विजेच्या कंप्रतेशी (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांशी) जुळती ठेवण्यात आली होती.

बहुपद्धती संच : दर सेकंदास काढावयाच्या रेषा एनटीएससीमध्ये सु. १५,७३४ व पालमध्ये १५,६२५ असतात. हा फरक एक टक्क्याहूनही कमी असल्याने आडवे क्रमवीक्षण सहज जुळते. उभ्या क्रमवीक्षणातील ५० व ६० हा फरक मोठा आहे. तेव्हा चित्रनलिकेच्या संचात उभ्या दिशेच्या आंदोलकाची कंप्रता व चित्राची उंची या दोहोंत बदल करावा लागतो. रंगाची माहिती वाहणाऱ्या उपवाहकाची कंप्रता एनटीएससीमध्ये सु. ३·५८ व पालमध्ये सु. ४·४३ मेगॅहर्ट्‌झ असते. शिवाय पालमध्ये रंगाच्या एका घटकाची कला एकाआड एक रेषेत उलट केलेली असते. यामुळे संचात दोन्ही कंप्रतांची व दोन्ही रीतींनी रंग वेगळे करण्याची सोय असावी लागते. ती नसल्यास चित्र स्थिर असूनही कृष्णधवल दिसते.

तबकड्यांचे प्रकार : लेसर किरणाने वाचली जाणारी ३० सेंमी. व्यासाची लेसरडिस्क १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. तिच्यावर रंगासह संपूर्ण चित्रसंदेश मुद्रित केलेला असे. दर फेऱ्यास एक चित्र या रीतीच्या तबकडीस एनटीएससीमध्ये मिनिटास सु. १,८००, तर पालमध्ये १,५०० फेरे लागत. म्हणून दोन्ही पद्धतींच्या तबकड्यांसाठी खास प्लेअर काढावे लागले. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या डीव्हीडीवर उपवाहक नसतो. दीप्ती व रंग यांची माहिती अंकीय रूपात वेगवेगळी असते. येथे एनटीएससी म्हणजे ४८० रेषा व ६० क्षेत्रे आणि पाल म्हणजे ५७६ रेषा व ५० क्षेत्रे, एवढाच अर्थ उरतो. रंगाचा संदेश प्लेअर तयार करतो. काही प्लेअर ६० क्षेत्रे कायम ठेवून रंग मात्र पालच्या उपवाहकावर देतात. असा संदेश ६० क्षेत्रे स्वीकारणाऱ्या पाल संचावर रंगीत दिसतो.

विभाग संकेत : डीव्हीडीवरील विभाग संकेत हे व्यापारी बंधन असून त्याचा दूरचित्रवाणी पद्धतीशी संबंध नाही. जपान व पश्चिम यूरोप हे एकाच दुसऱ्या विभागात येतात. परंतु जपानची पद्धत एनटीएससी, तर यूरोपातील तबकड्या पाल पद्धतीच्या. अमेरिका पहिल्या व भारत पाचव्या विभागात मोडतो. अमेरिकेतून विकत आणलेली तबकडी बहुपद्धती संच असूनही न चालण्याचे कारण बहुधा हेच असते. याउलट, तेथील मराठी कुटुंबांनी लग्नकार्याचे घरगुती चित्रण करून पाठविलेल्या तबकडीवर असा संकेत सहसा नसतो. तेथे केवळ पद्धतीचाच प्रश्न उरतो.

वेग व रूपांतर : चित्रपटात दर सेकंदास २४ चित्रे असतात. पाल तबकडीवर तो बहुधा २५ चित्रांच्या वेगाने दाखविला जात असल्याने १२० मिनिटांचा चित्रपट सु. ११५ मिनिटांत संपतो व दुरुस्ती न केल्यास ध्वनीची पट्टीही किंचित चढते. एनटीएससीमध्ये मूळ चित्रे आळीपाळीने दोन व तीन क्षेत्रे दाखवून वेग राखला जातो, मात्र संथ हालचालींत सूक्ष्म हिसके जाणवतात.

पायोनियर कंपनीने २००९ मध्ये लेसरडिस्क प्लेअरचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. भारतात व यूरोपात विकले जाणारे सपाट पडद्याचे संच सामान्यतः ५० व ६० ही दोन्ही क्षेत्रमाने स्वीकारतात. अमेरिकेतील अनेक संच ५० स्वीकारत नाहीत. तबकडी सुस्थितीत असली, तरी तिला अनुरूप प्लेअर दुर्मिळ होत जातो. म्हणून जुन्या तबकडीवरील चित्रण संगणकावर उतरविताना मूळ रेषा व क्षेत्रसंख्या कायम राखणे हितावह ठरते. एकदा पद्धत बदलून गमावलेला चित्रांश पुढे कोणत्याही संचाने परत मिळत नाही.