कारखान्यातील परिचारिका

यंत्रमागाच्या शेडमध्ये वीस वर्षे काढलेल्या कामगाराचे कान श्रवणमापकाने तपासले, तर पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट आढळते. सेकंदाला १,००० कंपनांचा स्वर त्याला बऱ्यापैकी ऐकू येतो. ४,००० कंपनांचा स्वर मात्र बराच मोठा केल्याशिवाय ऐकू येत नाही. समोरच्याचे बोलणे कळत असल्यामुळे आपला कान बिघडत चालला आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. गोंगाटाचे बहिरेपण बहुधा येथूनच सुरू होते. अंतर्कर्णातील सूक्ष्म तंतूंच्या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा तयार होत नाहीत. ८० डेसिबेल आणि ९० डेसिबेल यांत ‘थोडासाच’ फरक आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी थांबवतो, कारण तेवढ्यात ध्वनीची तीव्रता दहापट झालेली असते!

ही तपासणी वेळेवर करणारी व्यक्ती अनेक कारखान्यांत परिचारिका असते. धूळ, शिसे, उष्णता, रात्रपाळी या सर्वांवर तिची नजर हवी. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यात १८७८ साली फिलिपा फ्लॉवरडे यांची अशी नेमणूक झाली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात परिचर्या-कर्मचाऱ्यांसह उपचार-कक्ष ठेवण्याचे बंधन घातले.

मग हे शिक्षण घ्यावे कोठे? बारावीच्या एका विद्यार्थिनीने मला एक जाहिरात दाखवली. सहा महिन्यांत ‘औद्योगिक परिचर्या’ पदविका, फीही कमी. मी एवढेच विचारले, “यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तुझे नाव नोंदले जाईल का?” जाहिरातीत त्याचा उल्लेखच नव्हता. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही; तेव्हा ती कमी फीसुद्धा पाण्यातच जायची.

खरा पाया सामान्य परिचर्येचाच. मुलांनाही तो खुला आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्यासाठी बारावीला भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शासकीय महाविद्यालयात फी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असते, जागा मात्र थोड्या. दुसरी वाट म्हणजे जनरल नर्सिंग व मिडवायफरीची तीन वर्षांची पदविका, मग नोंदणी, नोकरी, आणि सवडीने दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. वर्षे पाच होतात, पण मधल्या काळात पगार मिळतो. घरची ओढाताण असेल तर माझ्या मते हीच वाट शहाणपणाची. तिला कमी लेखणाऱ्यांचे ऐकू नये. पुढे एम.एस्सी. करायचे झाल्यास सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय कारखान्याच्या कामाला सर्वांत जवळचा.

खर्च मांडताना केवळ पहिल्या वर्षाची फी पाहू नका. वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके आणि रुग्णालयापर्यंतचे रोजचे बसभाडे चारही वर्षांसाठी लिहून काढा. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हाती येते ते जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. शिक्षणानंतर त्याच रुग्णालयात काही वर्षे नोकरीचा करार आहे काय, हेही विचारा. आणि संस्थेचे विद्यार्थी प्रत्यक्ष कारखाना पाहायला जातात की नाही, हे विचारायला विसरू नका.