सामान सांभाळायला अम्मीच का?

सहल कोठलीही असो, आमच्या अम्मीने ती गाडीत बसूनच पाहिली. महाबळेश्वरचे पॉइंट असोत, दौलताबादचा किल्ला असो की भंडारदऱ्याचे धरण, "तुम्ही जा, मी सामान सांभाळते" हे वाक्य ठरलेले. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही बेतच बदलला. चार दिवसांत सारा महाराष्ट्र पालथा घालायचा नाही. एकट्या रायगड जिल्ह्यात राहायचे आणि अम्मीच्या पायांना झेपेल तेवढेच फिरायचे. सूरह अन्कबूतमध्ये जमिनीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहायला सांगितले आहे. ते काही फक्त घरातल्या पुरुषांसाठी नाही.

पहिला मुक्काम अलिबागजवळ किहीमला. 1930 च्या सुमारास नोकरी सुटलेले डॉ. सालिम अली इथे राहिले आणि शिडीवर तासन्‌तास बसून त्यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडला तरच संसार मांडते. हे ऐकून अम्मी म्हणाली, "घर बघून मग होकार! शहाणी आहे." खोपे विणण्याचा हंगाम पावसाळ्यातला, त्यामुळे आम्हाला लोंबणारे रिकामे खोपेच दिसले. मुले तेवढ्यावरही खूश होती.

मुरूडच्या वाटेवर फणसाड आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते, 1986 पासून अभयारण्य झाले. फज्रनंतर लगेच निघालात तर शेकरू दिसण्याची आशा. मोबाइलवर गाणी लावलीत तर मात्र काहीच दिसणार नाही.

नमाजची चिंता करून पुष्कळ घरे अशा सहली टाळतात. खरे तर प्रवासात कस्रची सवलत आहे. जुहर, अस्र आणि इशाच्या चार फर्ज रकअतींच्या दोन होतात. कोकणातली शाफई घरे प्रवासात जुहर-अस्र एकत्रही पढतात, आपल्या हनफी घरांत तसे करत नाहीत. अंतराचा हिशेब निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारावा. जानमाज आणि वुजूसाठी पाण्याचा कॅन गाडीत असला की रानातही अडत नाही.

शेवटी जंजिरा. राजापुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्या मिळतात, पावसाळ्यात त्या बंद असतात. तिथेही अम्मीने सुरुवात केलीच, "तुम्ही जा..." पण सांभाळायला सामानच नव्हते, ते आम्ही मुद्दाम लॉजवर ठेवले होते. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी पायरीशी हेलकावते, तेव्हा उतरताना छातीत धडधडतेच. धाकटीने अम्मीचा हात घट्ट धरला आणि ती उतरली.

आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा किल्ला कोणालाही लढून घेता आला नाही. मुले कलाल बांगडी तोफेकडे धावली. अम्मी गोड्या पाण्याच्या तळ्याशी थांबली. चहूकडे खारट समुद्र आणि मधोमध पिण्याचे पाणी! जन्मभर पाण्याच्या वेळा सांभाळलेल्या बाईला तोफेपेक्षा तेच मोठे वाटले. नाववाले किल्ल्यात फार वेळ देत नाहीत. त्यांची हाक आली तेव्हा ती तळ्याच्या काठावरच उभी होती. तिला आणायला आम्हा दोघांना परत जावे लागले.