चष्मा उतरवावा का? : डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेचा निर्णय



संतकवी, बखरी आणि संस्थानी काळ यांवर बोलणारे वक्ते या व्याख्यानमालेला सहज मिळतात. यंदा मंडळाने डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेवर बोलायला सांगितले. विषय साहित्याचा नसला तरी घरातला आहे. मुलगी शिकून नोकरीला लागते, स्थळे पाहायला सुरुवात होते, आणि एखादी आत्या किंवा मावशी म्हणते, "तेवढा चष्मा काढून टाका, हल्ली काही वेळ लागत नाही." मुलाच्या चष्म्याबद्दल हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. मोतीबिंदू काढला नाही तर दिसणे कमी होत जाते, म्हणून ती शस्त्रक्रिया करावी लागते. चष्म्याचा नंबर लेसरने घालवला नाही तर डोळ्याला काही होत नाही, चष्मा राहतो एवढेच. म्हणजे ही निरोगी डोळ्यावरची, ऐच्छिक आणि परत न फिरवता येणारी शस्त्रक्रिया आहे. ती वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पुष्कळांना तिचा उत्तम उपयोग झाला आहे. पण आजारासाठी आपण जेवढा धोका पत्करतो तेवढा इथे पत्करण्याचे कारण नाही.

डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वाकतो. आतल्या भिंगात, आणि त्याच्याही आधी डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्यात. याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात आपण कॉर्निया म्हणतो. प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम कॉर्निया करतो. बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा किंचित लांब झाल्यामुळे प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि लांबचे धूसर दिसते. हा आपला 'मायनस' नंबर. लेसर गोळ्याची लांबी कमी करत नाही. तो कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट करतो, म्हणजे काचेच्या चष्म्याचे काम कॉर्नियावरच कोरून ठेवतो.

ही कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. होसे बराकेर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा बसवण्याचा मार्ग मांडला. पुढे मॉस्कोत फ्योदोरोव यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे बारीक छेद देण्याची पद्धत रूढ केली. दोन्हींत हाताच्या कौशल्यावर फार भिस्त होती. खरा बदल झाला तो अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आणि त्यात मद्रासकडचे एक शास्त्रज्ञ होते, रंगस्वामी श्रीनिवासन. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर एक्सायमर लेसर मारून पाहिला. ब्लम आणि विन हे त्यांचे सहकारी. (आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी या तुकड्याला क्षमा करावी, आज हजारो शाकाहारी डोळे त्याच्या ऋणात आहेत.) साधा लेसर मांस जाळतो, कडा करपतात. १९३ नॅनोमीटरच्या या अतिनील किरणाने रेणूंमधले बंध तुटून तेवढाच थर उडून गेला आणि शेजारचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन थर निघतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये हे तंत्र कॉर्नियाशी जोडले.

आज तीन पद्धतींची नावे कानावर येतात. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची पातळ त्वचा बाजूला करून वरूनच लेसर मारतात; दोन-चार दिवस दुखते आणि नीट दिसायला वेळ लागतो. लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा थर झाकणासारखा उचलतात, खाली लेसर मारतात आणि झाकण परत ठेवतात. दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो, म्हणून ती लोकप्रिय झाली. तिसरी स्माइल. तीत झाकण नाही. फेम्टोसेकंद लेसरने आतल्या आत एक भिंगासारखी चकती कापून ती बारीक छेदातून ओढून काढतात. तिच्या सुरुवातीच्या निष्कर्षांपैकी काही आपल्या बडोद्यातून, डॉ. रूपल शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०११ मध्ये प्रसिद्ध केले. अशा अतिलघु लेसर ठोक्यांमागचे तंत्र शोधणारे जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो चुकीच्या क्रमाने विचारला जातो. आधी विचारायचे ते हे, की माझा कॉर्निया यातल्या एखाद्या पद्धतीला तरी लायक आहे का?

याचे गणित घरी करता येते. मधोमध कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. लेसिकचे झाकण साधारण ११० मायक्रॉनचे. एक नंबर घालवायला अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन जातात. आपण १४ धरू. मायनस ६ नंबरला ८४ झाले. ५४० मधून ११० आणि ८४ वजा केले की खाली ३४६ राहतात. हे ठीक आहे. आता दुसरी व्यक्ती घ्या. जाडी ४८० आणि नंबर मायनस ९. कोरण्यात १२६ गेले, झाकणात ११०, आणि खाली उरले २४४. किमान २५० तरी उरावेत अशी जुनी मर्यादा आहे आणि अनेक सर्जन ३०० चा आग्रह धरतात. या दुसऱ्या व्यक्तीला लेसिक नको असे सांगणारा डॉक्टर तिचे गिऱ्हाईक गमावतो आणि डोळा वाचवतो. तिला कॉर्नियाला जवळजवळ हात न लावता डोळ्यात बसवायचे भिंग, म्हणजे आयसीएल, हा एक पर्याय असतो. त्याचे धोके वेगळे असतात आणि खर्चही वेगळा असतो. किंवा चष्मा राहतो.

जाडीइतकाच आकार महत्त्वाचा. काहींचा कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. तो पूर्ण दिसायला लागण्याआधी जर लेसरने कॉर्निया आणखी पातळ केला, तर काही वर्षांत तो फुगू लागतो आणि मग चष्म्यानेही स्वच्छ दिसत नाही. या शस्त्रक्रियेच्या ज्या थोड्या रुग्णांचे खरोखर नुकसान होते त्यांत हे एक मोठे कारण आहे. नागपूर जिल्ह्यातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील लोकांची पाहणी झाली होती. तीत कॉर्नियाची वक्रता एका ठरावीक मर्यादेपलीकडे असणे हीच खूण धरली, तर सुमारे २.३ टक्के लोकांत हा विकार आढळला. खूण जरा सैल असल्याने आकडा थोडा वरचा असू शकेल. तरी आपल्याकडे तो दुर्मीळ समजून चालणार नाही एवढे त्यातून कळते. धूळ, ॲलर्जी आणि डोळे चोळण्याची सवय यांच्याशी त्याचा संबंध आहे. लहानपणी डोळे सतत खाजत असलेल्या मुलाने किंवा मुलीने ही गोष्ट डॉक्टरांना विचारली नाही तरी आपणहून सांगावी. घरात कुणाला केराटोकोनस असेल किंवा कॉर्नियाचे प्रत्यारोपण झाले असेल तर तेही सांगावे. कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढला नाही आणि लगेच तारीख दिली, तर त्या दवाखान्यातून उठून यावे.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तपासणीपूर्वी त्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. मऊ असल्या तर साधारण एक-दोन आठवडे, कडक असल्या तर त्याहून जास्त. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि बदललेल्या आकारावर मापे घेतली तर लेसर त्या चुकीच्या मापांवरच कोरतो. 'आजच तपासा, आजच करा' अशी सोय म्हणूनच सोय नव्हे.

आता कोरडेपणा आणि रात्रीची चकाकी. कॉर्नियाच्या नसा कापल्या गेल्याने डोळ्याला कोरडेपणाची जाणीव आणि पाणी सोडण्याची प्रेरणा काही महिने कमी राहते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने लेसिकच्या रुग्णांना स्वतःला काय वाटते हे विचारणारा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच वेळी, आधी कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना दिव्याभोवती वलय, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीतरी नवे दिसू लागले होते, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवत होता. रोजचे काम फार अडावे इतका दृष्टीचा त्रास मात्र एक टक्क्याहून कमी जणांना होता. जाहिरातीत यातला पहिला आकडा असतो आणि भीतीच्या गोष्टींत दुसरा. दोन्ही एकाच अभ्यासातले आहेत. ज्याला रात्री महामार्गावर गाडी चालवायची आहे, किंवा वातानुकूलित खोलीत दहा तास पडद्यासमोर बसायचे आहे, त्याने वलय आणि कोरडेपणा यांचा विचार इतरांपेक्षा जास्त करावा.

लग्नाच्या घरासाठी एक व्यवहारी गोष्ट. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही दिवस काजळ आणि डोळ्यांचा सर्व साजशृंगार बंद असतो, थेंब अनेक आठवडे चालतात आणि दृष्टी स्थिर व्हायला वेळ लागतो. लग्नाची तारीख ठरल्यावर घाईने हे करू नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, त्यामुळे तो काळही टाळतात. आणि नंबर मुळात वर्षभर स्थिर हवा. अठरा वर्षे पूर्ण झाली एवढ्याने भागत नाही. दरवर्षी नंबर वाढत असलेल्या विसाव्या वर्षातल्या मुलीची शस्त्रक्रिया केली, तर नंबर पुढेही वाढतच राहील आणि चष्मा पुन्हा लागेल. माझे मत विचाराल तर, जिचा डोळा आहे ती सोडून इतर सर्वांना घाई असेल तेव्हा थांबावे. तिला स्वतःला हवे आहे का, हे तिला एकटीला, आईवडील बाहेर बसलेले असताना विचारणारा डॉक्टर मला विश्वासार्ह वाटतो.

या सभागृहात बसलेल्यांपैकी अर्ध्यांहून अधिकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो वाचनाचा आहे. मराठीने चाळिसाव्या वर्षाच्या आसपास लागणाऱ्या वाचनाच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हटले. त्या वयात आतले भिंग कडक होत जाते आणि जवळच्या वस्तूवर डोळा स्थिरावत नाही. कॉर्नियावरचा लेसर ही प्रक्रिया थांबवू शकत नाही. आता मायनस अडीच नंबर असलेला पन्नाशीचा माणूस पाहा. लांबचे पाहायला त्याला चष्मा लागतो, पण पुस्तक वाचताना तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि बिनचष्म्याने वाचतो. मायनस अडीचच्या डोळ्याला चाळीस सेंटिमीटरवर आपोआप स्वच्छ दिसते, आणि पुस्तक आपण साधारण तेवढ्याच अंतरावर धरतो. निसर्गाने त्याला वाचनाचे भिंग फुकट दिलेले आहे. लेसरने त्याचा नंबर शून्य केला की रस्ता, नाटक, क्रिकेट सारे स्वच्छ, पण दैनिक हातात घेतले की चाळिशी शोधावी लागते. दिवसातले चार तास वाचणाऱ्याने चष्मा घालवला असे म्हणायचे की फक्त त्याची जागा बदलली? एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा थोडा मायनस ठेवून जवळच्यासाठी, अशीही योजना करतात. काहींचा मेंदू ती सहज स्वीकारतो, काहींना जिन्यावर आणि रात्री अंतर चुकल्यासारखे वाटते. ती आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस वापरून पाहता येते. न पाहता कायमची करून घेऊ नये. पंचावन्न-साठीला आतले भिंग गढूळ होऊ लागले असेल तर कॉर्नियाला हात न लावता थांबणेच बरे, कारण मोतीबिंदू काढताना बसवायच्या भिंगातच नंबरची तजवीज होते.

चष्मा गेल्यावर काय जात नाही, हेही सांगतो. मायनस आठचा डोळा लेसरनंतरही आतून तसाच लांब असतो आणि त्याचा मागचा पडदा ताणलेला, पातळच राहतो. त्यामुळे पडदा सुटण्याचा धोका तसाच असतो. डोळ्यासमोर एकाएकी प्रकाशाच्या ठिणग्या किंवा काळ्या ठिपक्यांचा पाऊस दिसला, तर बिनचष्म्याच्या माणसानेही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शिवाय पातळ केलेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आपली शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे, नाहीतर वाढलेला दाब साधारण म्हणून सुटून जाईल.

शेवटी कागदांबद्दल. आज पंचविशीत शस्त्रक्रिया करणारी मुलगी साठीला मोतीबिंदूसाठी कुठल्या शहरात असेल, सांगता येत नाही. बसवायच्या भिंगाचे गणित कॉर्नियाच्या मूळ वक्रतेवर असते आणि लेसरने ती बदललेली असते. नेहमीच्या सूत्राने काढलेले भिंग मग चुकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, वक्रतेची मापे, जाडी, रंगीत नकाशा आणि किती कोरले याची नोंद असलेली फाईल दवाखान्यातून मागून घ्यावी. जन्मदाखला आणि घराची कागदपत्रे ज्या कपाटात असतात, त्याच कपाटात ती ठेवावी, आणि तिची एक प्रत मुलीच्या हाती द्यावी.