फ्लिपर यांच्या बडतर्फीचा कागद

हेन्री ओसियन फ्लिपर यांच्याविषयी बोलताना बहुतेक जण वेस्ट पॉइंटवर थांबतात. जॉर्जियात गुलामीत जन्मलेला मुलगा १८७७ साली त्या अमेरिकी लष्करी अकादमीतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, हे मोठंच आहे. मला मात्र पुढची गोष्ट जास्त छळते. त्यांच्या बडतर्फीचा कागद बदलायला ९४ वर्षं लागली.

१८८१ साली टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथे रसदीचे हिशेब फ्लिपर यांच्याकडे होते. पैसे त्यांच्या खोलीतल्या ट्रंकेत असत. हिशेबात तूट आली. नवे कमांडर कर्नल विल्यम शाफ्टर यांची त्यांना धास्ती होती, म्हणून तूट कळवण्याऐवजी त्यांनी ती झाकली, आणि जिथे आपलं खातंच नाही अशा बँकेवरचा चेकही दाखवला. हे चूकच होतं. पण पैसे त्यांनी खाल्ले होते का? गावातल्या व्यापाऱ्यांना तसं मुळीच वाटलं नाही. फ्लिपर कोठडीत असताना या लोकांनी आपसात पैसे जमवून चार दिवसांत तूट भरून काढली. ज्या माणसांशी रोजचा व्यवहार, त्यांनी दिलेली ही साक्ष मला कुठल्याही निकालपत्राहून वजनदार वाटते.

लष्करी न्यायालयाने अपहाराच्या आरोपातून त्यांना सोडलं, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी धरलं. लष्कराचे मुख्य कायदा अधिकारी डेव्हिड स्वेम यांनी शिक्षा सौम्य करावी असं सुचवलं होतं. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी बडतर्फीच कायम केली. बडतर्फीची तारीख ३० जून १८८२.

पुढे त्याच सरकारने जमिनींच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायला, जुने स्पॅनिश कायदे उलगडायला फ्लिपर यांनाच नेमलं. म्हणजे सरकारी कामासाठी ते विश्वासाचे होते, फक्त गणवेशासाठी नव्हते! १८९८ पासून त्यांनी दाद मागायला सुरुवात केली. त्या काळी अशा माणसाला एकच दार होतं: अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, एखादा सदस्य गाठायचा, आपल्या एकट्याच्या नावाचं विधेयक मांडायला लावायचं, ते समितीत अडकलं की पुन्हा दुसरा सदस्य शोधायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. एकही विधेयक मंजूर झालं नाही. १९४० मध्ये अटलांटात भावाच्या घरी ते वारले. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात भावाने लिहिलं, ‘निवृत्त लष्करी अधिकारी’. लष्कराने जे लिहायला नकार दिला होता, ते घरच्यांनी लिहून टाकलं.

सहा वर्षांनी, १९४६ मध्ये, कायदा बदलला. अशा खासगी विधेयकांच्या ओझ्याला काँग्रेस कंटाळली होती. तिने नोंदी दुरुस्त करण्याचं काम लष्करी खात्यांकडे सोपवलं, आणि त्यातून दुरुस्ती मंडळं उभी राहिली. सैनिक हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी मंडळ ती बाजूला ठेवू शकतं. फ्लिपर यांना हयातीत हे दार मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

हे दार अखेर ठोठावलं जॉर्जियातल्या एका शिक्षकाने. रे मॅकॉल यांनी जुनी कागदपत्रं खणून काढली आणि फ्लिपर यांच्या नातलगांसोबत प्रकरण मंडळापुढे नेलं. १९७६ मध्ये मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर आणि अन्यायाची ठरवली. सन्मानपूर्वक सेवामुक्तीचं प्रमाणपत्र निघालं आणि त्यावर तारीख घातली तीच, ३० जून १८८२. दोन वर्षांनी त्यांचा देह अटलांटाहून जन्मगावी, थॉमसव्हिलला आणून लष्करी इतमामात पुरण्यात आला.

पण बातम्यांत सहसा न येणारी एक गोष्ट इथे आहे. सेवामुक्तीचा प्रकार मंडळाने बदलला, लष्करी न्यायालयाचा निकाल रद्द करण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. कागद स्वच्छ झाला, दोषसिद्धी तशीच राहिली. म्हणून वकिलांच्या एका गटाने राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला. त्यात नवीच अडचण निघाली: न्याय खातं मृत व्यक्तींसाठी असे अर्ज विचारातच घेत नसे. वकील हटले नाहीत. १९ फेब्रुवारी १९९९ रोजी बिल क्लिंटन यांनी फ्लिपर यांना पूर्ण माफी दिली. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी मरणोत्तर दिलेली ती पहिली माफी. माफीने निकाल पुसला जात नाही, आणि माझ्या मते फ्लिपर यांनी आयुष्यभर मागितली होती ती माफी नव्हतीच. आपल्यावर अन्याय झाला, हे त्यांना लष्कराकडून ऐकायचं होतं.