भोंगा न वाजणारी आपत्ती

तालीम हा शब्द मराठी माणूस दोन अर्थांनी वापरतो. पहिलवान मेहनत करतो ती तालीम, आणि नाटकमंडळी प्रयोगापूर्वी सराव करतात तीही तालीमच. आजच्या विषयाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. विषारी वायू सुटला, रसायनाचा टँकर उलटला, जहरी मालाच्या गोदामाला आग लागली, तर कोणी काय करावयाचे, ह्याचा खोटा प्रसंग उभा करून घेतलेल्या सरावाला सरकारी कागदांत 'मॉक ड्रिल' म्हणतात. आपली वर्तमानपत्रे त्याला 'रंगीत तालीम' म्हणतात, आणि हा शब्द आम्हांला अधिक पसंत आहे. रंगीत तालमीत वेश, रंग, दिवे, पडदे सर्व काही खरे असते; फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. तसेच येथे रुग्णवाहिका खरी, पाण्याचा बंब खरा, डॉक्टर खरे आणि घड्याळही खरे. खोटे असते ते एवढे विष.

पण कोणतेही नाटक एकदम रंगीत तालमीला उभे राहत नाही. आधी वाचन होते, मग एकेका प्रवेशाच्या तालमी होतात. संकटाच्या सरावालाही ह्याच तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी बैठकीची. कारखान्याचा व्यवस्थापक, तहसीलदार, ठाणेदार, वैद्यकीय अधिकारी आणि कामगारांचा माणूस एका टेबलाभोवती बसतात, मध्ये नकाशा असतो, आणि एक जण विचारीत जातो : वायू सुटला, वारा गावाकडे आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, आता पहिला फोन कोण कोणाला करील? दुसरी पायरी एकेका अंगाची. केवळ फोनची साखळी तपासायची, किंवा केवळ मुखवटे चढवून किती मिनिटांत माणूस तयार होतो ते पाहायचे. तिसरी पायरी ही खरी रंगीत तालीम.

तिची रीत थोडक्यात सांगतो. प्रसंग आधी लिहून ठेवलेला असतो आणि तो दोन-चार माणसांनाच ठाऊक असतो. काही जण रुग्णाचे सोंग घेतात. त्यांच्या गळ्यात 'डोळ्यांची आग, श्वास कोंडतो, शुद्धीवर आहे' अशी चिठ्ठी असते. ठिकठिकाणी वही आणि घड्याळ घेतलेले निरीक्षक उभे असतात. त्यांनी मदत करायची नाही, बोलायचे नाही, फक्त वेळ टिपायची. गावात घबराट होऊ नये म्हणून प्रत्येक निरोपाच्या आरंभी आणि अखेरीस 'ही तालीम आहे' असे म्हणायचे. तालीम चालू असताना खरोखरच अपघात झाला, तर सर्व काही तत्काळ थांबवणारा एक शब्द ठरवून ठेवायचा. आणि शेवटी, त्याच दिवशी, सर्वांनी एकत्र बसून कोठे अडले ते मोकळेपणी बोलायचे. हे शेवटचे बसणे टाळले, तर आधीची सगळी धावपळ वाया गेली असे समजावे.

एवढा खटाटोप कशासाठी? ह्याचे उत्तर भोपाळने दिले आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. तो कारखानाही कीटकनाशकेच तयार करीत होता, हे ध्यानात ठेवावे. हजारो माणसे मेली. बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला आणि पुन्हा वाजला तो फार उशिरा. कोणत्या दिशेने पळावे हे लोकांना कोणी सांगितले नव्हते. अनेक जण वायूच्या लोटाबरोबरच धावत सुटले. ओले फडके तोंडावर धरले तर काहीसा बचाव होतो, एवढी साधी गोष्टही वस्तीत माहीत नव्हती. इस्पितळात डॉक्टर अहोरात्र झटले, परंतु आपण कोणत्या विषाशी लढत आहोत, हेच त्यांना नीट कळविण्यात आले नव्हते. भोपाळमध्ये यंत्रे बिघडली हे खरे. पण यंत्रे बिघडल्यावर माणसांनी काय करावे ह्याची तालीम झालेली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर कायदे झाले. 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांवर संकटकाळाची योजना आखण्याचे बंधन आले. धोका समोर दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्कही त्याच दुरुस्तीने कामगाराला दिला. 1989 च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याच्या आतील योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी, आणि कारखान्याबाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून निदान एकदा घेण्याचे ठरवून दिले. 1996 च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट गट नेमले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि त्या गटात कामगार संघटनांचा एक प्रतिनिधी. स्थानिक गटात प्राथमिक आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, रसायनांची वाहतूक करणारे, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक, सरपंच, समाजसेवक अशी माणसे. म्हणजे ही तालीम केवळ साहेबांची नाही, गावाची आहे, हे निदान कागदावर तरी मान्य झाले आहे.

कागद आणि व्यवहार ह्यांतील अंतर कामगार चळवळीतल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. आम्ही पाहिलेल्या एका तालमीची तारीख आठवडाभर आधी फलकावर लागली होती. ती सकाळी दहा वाजता झाली, कारण पाहुण्यांना ती वेळ सोयीची होती. कंत्राटी कामगारांना त्या दिवशी सुटी दिली गेली. रुग्ण झालेला तरुण झोळीवर पडल्या पडल्या हसत होता, आणि चहापानानंतर 'तालीम शंभर टक्के यशस्वी' असा अहवाल लिहिला गेला. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; असे कारखाने पुष्कळ आहेत. ज्या तालमीत एकही दोष सापडत नाही, ती तालीम नव्हे, समारंभ होय. मुखवट्याचे पट्टे कुजलेले निघाले, बंबाला फाटकातून वळता आले नाही, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे डॉक्टरांचा क्रमांक नव्हता, असे अहवालात आले म्हणजे समजावे की तालीम कामाला आली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मुंबई-डोंबिवलीला ठीक आहे. अरुणावतीच्या काठच्या आर्णीला त्याचे काय? आमच्या मते आर्णीला त्याचे अधिक काम आहे. 2017 सालचा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो कास्तकार आणि मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा पायांवर न पडता तोंडावर, छातीवर येत होता. हवा दमट आणि कोंदट. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांची फवार बारीक धुक्यासारखी. किडी आटोपेनात म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, छाती भरून येणे अशा तक्रारी घेऊन माणसे येत राहिली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, आणि नोव्हेंबरमध्ये काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. तोवर हंगाम सरत आला होता.

भोपाळ एका रात्रीत घडले, यवतमाळ तीन महिन्यांत. एवढा फरक सोडला, तर प्रश्न तेच होते. विष कोणते? ते डॉक्टरला कोण सांगणार? पहिला रोगी आल्यावर बाकीच्यांना सावध कोण करणार? कारखान्यात निदान एक भोंगा असतो. वावरात भोंगा नसतो. येथे तिसरा-चौथा रोगी दवाखान्यात येणे हाच भोंगा. पण तो ऐकण्याची सवय असावी लागते. कायद्याने सांगितलेली तालीम कारखान्याच्या आणि मोठ्या साठ्याच्या फाटकाशी बांधलेली आहे. तेच रसायन बाटलीत भरून कृषी सेवा केंद्रात आले आणि तेथून मजुराच्या पाठीवरच्या पंपात गेले, की त्या नियमांची हद्द संपते. कीटकनाशकांचा 1968 चा कायदा आणि त्याखालचे 1971 चे नियम प्रशिक्षणाची, संरक्षक कपड्यांची भाषा करतात. परंतु पाठीवर पंप घेणाऱ्या रोजदाराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते, म्हणून ती भाषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सारांश, ज्याला तालमीची सर्वांत अधिक गरज, तोच तालमीबाहेर राहतो.

म्हणून दरवर्षी फवारणीचा हंगाम लागण्यापूर्वी, जूनमध्ये, आर्णी तालुक्यातल्या एका गावी अशी रंगीत तालीम व्हावी, असे आम्ही सुचवितो. खर्च थोडा आहे. पंपात औषधाऐवजी साधे पाणी घ्यावे, पण बाटलीवरची चिठ्ठी खरी असावी. त्या चिठ्ठीवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा असे उतरते विष. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे मजुरांकडून मोठ्याने वदवून घ्यावे. मग एकाने वावरात कोसळल्याचे सोंग करावे, आणि घड्याळ सुरू व्हावे.

सोबत्यांनी काय करावे? त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूस, मोकळ्या हवेत न्यावे. हात लावण्यापूर्वी स्वतःच्या हातांना मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. भिजलेले कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे. औषध डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, दूध-ताक पाजत बसू नये. 108 ला फोन करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, औषधाची बाटली किंवा चिठ्ठी रोग्याबरोबर पाठवावी. बाहुल्या बारीक होणे, लाळ आणि घाम सुटणे, स्नायू फडफडणे ही सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषाची खूण. त्यावर ॲट्रोपिन देतात, पण ते डॉक्टरनेच द्यायचे. दुसऱ्या गटाच्या विषाला तेच औषध लागू पडेलच असे नाही. चिठ्ठी सोबत असली तर डॉक्टरचा मोलाचा वेळ वाचतो.

निरीक्षकांनी टिपायचे ते असे : धुण्यापुरते पाणी आणि साबण वावरात होते काय? फोनला रेंज होती काय? गाडी बांधापर्यंत आली की पांदणीच्या चिखलात अडकली? दवाखान्यात ॲट्रोपिन किती होते? रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय जवळात जवळ कोठे? यवतमाळ येथून सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत रोग्याजवळ कोण बसेल? आणि त्या दवाखान्याने त्याच दिवशी तालुक्याच्या कृषी आणि आरोग्य खात्याला, तेथून इतर गावांना निरोप धाडला काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, म्हणजे आपण एक भोंगा बांधला.

दुसरी तालीम रस्त्यासाठी. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग आर्णीवरून जातो. रसायने आणि इंधने वाहणाऱ्या टँकरवर एक फलक असतो. त्यावरचा चार आकडी क्रमांक म्हणजे आतल्या मालाचे नावच. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन. फलकावरच्या संकेताच्या अखेरीस इंग्रजी 'ई' हे अक्षर असेल, तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करावा लागतो. टँकर उलटला तर लोक इंधन भरून घ्यायला डबे घेऊन धावतात. धावायचे ते उलट दिशेने. दुरून क्रमांक वाचावा, 112 ला सांगावा, विडी-काडी पेटवू नये, गाडी सुरू करू नये. स्वयंपाकाचा गॅस आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असतात. ते नाल्यात, खोलगट जागेत साचतात, म्हणून उंचावर जावे. आणि वाऱ्याबरोबर किंवा वाऱ्याच्या तोंडावर न जाता वाऱ्याला आडवे निघावे. खळ्यात उपणताना वारा पाहणाऱ्या माणसाला हे शिकवायला वेळ लागत नाही. फक्त आधी एकदा सांगून, करून घ्यावे लागते. बाबा कंबलपोष ह्यांच्या उरुसासारख्या गर्दीच्या दिवशी असा प्रसंग आला तर माणसे कोणत्या रस्त्याने काढायची, हा प्रश्न पहिल्या पायरीच्या बैठकीत, नकाशा पुढे ठेवून सोडविता येईल.

ह्या दोन्ही तालमी कोणी घ्याव्यात? हुकूम तहसीलदारांचा असावा, पण माणसे गावाने द्यावीत. कृषी सेवा केंद्राच्या चालकाने, शाळामास्तरांनी, आशाताईंनी, रुग्णवाहिकेच्या चालकाने एकेक काम उचलावे. जिल्ह्याच्या संकट गटात कामगारांच्या नावाने बसणाऱ्या प्रतिनिधीने फवारणी मजुरांचा विषय तेथे मांडावा. ते मजूर कोणत्याही संघटनेचे सभासद नसले तरी मांडावा. आणि तालीम मजुराच्या वेळेला घ्यावी, दिवसाची मजुरी देऊन घ्यावी. पोट सोडून शिकायला या म्हटले तर कोणी येणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मृग नक्षत्राला अजून थोडे दिवस आहेत. पेरणी होईल, पऱ्हाटी वाढेल, आणि पंप पाठीवर चढतील. त्यापूर्वी, निदान एका गावात, एका सकाळी, साध्या पाण्याने भरलेला पंप घेऊन हे करून पाहावे. किती मिनिटे लागली ते वहीत लिहून ठेवावे, आणि पुढच्या वर्षी ती मिनिटे कमी झाली काय ते ह्याच व्यासपीठावरून आर्णीकरांना सांगावे.