वाड्यातलं भूत आणि मैत्रिणीचं गुपित

समजा, तुम्ही लोककथा गोळा करायला बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला गेलात. १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या, १५८२ मधली मशीद आहे. एवढ्या जुन्या गावात झपाटलेला वाडा असणारच, असं आपण घरूनच ठरवून निघतो! तिथे पंधरा वर्षांच्या दोन मैत्रिणी सांगतात, पडक्या वाड्यात भूत आहे, खाली धन पुरलंय.

‘भूत खरंच आहे का?’ हे विचारू नका. विचारा, ‘तुम्ही तिथे कधी जाता?’ मोठी माणसं भुताला घाबरून फिरकत नसतील, तर मुलींना बोलायला तीच जागा मोकळी. भुलाबाईच्या खिरापतीसारखं गुपितही तिथे झाकून ठेवता येतं.

आता अडचण. एक जण दुसरीचं गुपित तुम्हाला सांगते. तिची संमती तिच्या गोष्टीपुरती, मैत्रिणीच्या नाही. दुसरीला विचारल्याशिवाय ते प्रबंधात घ्यायचं नाही. (अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची संमती हवी, आणि मुलीचा स्वतःचा होकारही.)

‘ताई, कुणाला सांगू नका हं,’ म्हटल्यावर पटकन हो म्हणू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाखतीआधीच साध्या शब्दांत सांगा. ऐकून एखादी गप्प बसेल. मुलाखत गेली तर जाऊ द्या, पण निघताना चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर दोघींनाही देऊन या.