आकाशातील वाटाडे

एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. आम्ही अश्दोदहून लोदला एका मेहंदीच्या समारंभास निघालो होतो. अर्धी वाट सरते न सरते तोच मोबाईलमधील नकाशाने आम्हांस बैरूतच्या विमानतळावर नेऊन उभे केले! गाडी चालविणारा भाचा गोंधळला. मागे बसलेल्या मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "अरे, रस्त्यावरच्या पाट्या वाच आणि चल." त्या दिवसांत असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला. त्याचे कारण समजण्यासाठी हे यंत्र वाट कशी दाखविते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू येतो, यावरून ती किती दूर पडली याचा अंदाज आपण बांधतो. येथेही तत्त्व तेच. अमेरिकेच्या 'जीपीएस' योजनेचे तीसएक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि प्रत्येक उपग्रह आपले स्थान व वेळ रेडिओलहरींनी अखंड कळवीत असतो. या लहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने धावतात. लहर निघाल्याची व पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून यंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून ठिकाण निश्चित होते. परंतु मोबाईलमधील घड्याळ तितके अचूक नसते. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी ठिकाण ३०० मीटरांनी हुकते! ती चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. उपग्रह आपल्याला पाहत नाहीत. ते केवळ सांगतात, आपला मोबाईल ऐकतो. आपला ठावठिकाणा इतरांना कळतो, तो मोबाईल इंटरनेटवरून पुढे पाठवितो म्हणून.

या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. योजना मूळची लष्करी. नागरिकांसाठी संदेशात मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि मोटारींना खरा वाटाड्या मिळाला. आज रशिया, युरोप व चीन यांच्याही अशा योजना आहेत. भारताने आपल्या योजनेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये सोडला. जहाजे, विमाने, रुग्णवाहिका, शेतातील ट्रॅक्टर, इतकेच नव्हे तर मोबाईलची जाळी व बँकांचे व्यवहारही या उपग्रहांच्या घड्याळांचा आधार घेतात.

मग आम्ही बैरूतला कसे पोहोचलो? इतक्या दुरून येणारी लहर जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेली असते. जवळून कोणी अधिक जोराचा खोटा संदेश सोडला, तर यंत्र त्यालाच खरा मानते. युद्धकाळात शत्रूची क्षेपणास्त्रे व ड्रोन भरकटावीत म्हणून असे अडथळे निर्माण करण्यात आले, हे लष्कराने त्या वेळी जाहीरपणे सांगितले होते. शत्रूची दिशाभूल होते, तशी आपलीही होते.

वाट चुकली तर फार तर समारंभास उशीर होईल, पण धोक्याचा इशारा चुकता कामा नये. मोबाईल आपल्याला बैरूतमध्ये समजत असेल, तर आपल्या गावाचा इशारा तो देईलच असे नाही. म्हणूनच पिकुद हाओरेफने तेव्हा नागरिकांना आपल्या गावाचे नाव ॲपमध्ये हाताने नोंदविण्यास सांगितले. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना हिब्रू वाचणे अजूनही जड जाते. हे काम त्यांच्याकडून एकट्याने होणारे नाही.

आमची तरुण वाचकांना एवढीच विनंती आहे: येत्या शब्बाथपूर्वी आजी-आजोबांच्या घरी जावे, त्यांच्या मोबाईलमध्ये गावाचे नाव स्वतः नोंदवून द्यावे आणि जवळच्या आसऱ्याची जागा मराठीत लिहून दारामागे चिकटवावी. ती चिठ्ठी वाचण्यास उपग्रह लागत नाही.